हॅमार्शिया नावाची राणी

फाल्गुन सरत आला, कॉलेजच्या आवारातल्या पांगाऱ्याची पाने झडून उघड्या फांद्यांवर तांबडे तुरे पेटले आणि परीक्षार्थींच्या याद्या फलकावर लागल्या, की मला दरवर्षी अथेन्स नगराची आठवण होते. कारण सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, वर्षाच्या जवळजवळ याच सुमारास, त्या लोकांच्या एलाफेबोलिऑन महिन्यात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनायसस देवाचा उत्सव भरत असे, आणि सारे नगर त्या उतारावर दाटीवाटीने बसून एका दिवसात एकाच कवीच्या तीन शोकांतिका व त्यांच्यामागून एक सॅटिर-नाटक पाहत असे. तिथेही परीक्षाच असे, पण ती कवींची. चिठ्ठ्या टाकून नेमलेले परीक्षक निकाल देत, आणि इ.स.पू. 431 मध्ये युरिपिडीजच्या ‘मीडिया’ला त्यांनी तीन कवींमध्ये तिसरे स्थान दिले. तोंडी परीक्षेच्या खोलीत, शाई सुकलेल्या दौतीसमोर, गुणांचा तक्ता पुढे ओढून बसताना मी हा निकाल न चुकता आठवतो; त्यामुळे माझा हात जरा सैल राहतो.

माझ्या मेजाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. पुस्तक न उघडता परीक्षेस आलेल्या मुलामुलींनी ग्रीक नाटकाविषयी दिलेली उत्तरे मी गेली कित्येक वर्षे तीत उतरून ठेवली आहेत. नाव नाही, क्रमांक नाही, नुसता मजकूर. पहिल्याच पानावर एका मुलाचे वाक्य आहे: “हॅमार्शिया ही थीब्जची राणी असून तिच्यामुळे ईडिपसचा नाश झाला.” ते मी प्रथम वाचले तेव्हा इतका हसलो, की शेजारच्या खोलीतले सहकारी काय झाले म्हणून डोकावून गेले. हॅमार्शिया ही राणी नव्हे. ॲरिस्टॉटलने नायकाच्या पतनाचे कारण सांगताना वापरलेली ती संज्ञा आहे, आणि तिच्या मुळाशी नेम चुकणे, बाण लक्ष्याच्या बाजूने निसटून जाणे, असा अर्थ आहे. त्या उत्तराला मी शून्य दिले आणि ते योग्यच दिले. पण रात्री दिवा मालवल्यावर ती राणी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती कायमची. ग्रीक भाषेत तो शब्द स्त्रीलिंगीच आहे. कॉरिंथमधल्या मेजवानीत एका मद्यप्याने ईडिपसला ‘तू बापाचा खरा मुलगा नव्हेस’ म्हणून हिणवले तेव्हा ती तिथे हजर होती. तीन वाटा मिळतात त्या जागी, रथातल्या अनोळखी वृद्धावर त्याने हात उचलला तेव्हा ती त्याच्या खांद्याशी होती. आणि राजाच्या खुन्याला हुडकून काढण्याचे फर्मान तो भर प्रजेसमोर सोडतो तेव्हाही ती त्याच्या मागे, जोकास्टाहूनही निकट, निश्चल उभी असते. सोफोक्लीजने तिला पात्रांच्या यादीत घेतले नाही, एवढेच. तेव्हापासून ते नाटक शिकवताना हा प्रवेश आला, की मी त्या मुलाचे वाक्य वर्गाला सांगतो, आणि वर्ग हसून झाल्यावर क्षणभर गप्प होतो.

दुसऱ्या एकाने ॲरिस्टॉटललाच ‘ईडिपस’चा कर्ता ठरवून वर नायकाची भूमिकाही त्याच्याकडे सोपवली होती. सोफोक्लीज इ.स.पू. 406 मध्ये वारला आणि ॲरिस्टॉटल 384 मध्ये जन्मला, असा खुलासा मी केला तेव्हा तो मुलगा समजुतीच्या स्वरात म्हणाला, “म्हणजे बावीस वर्षांचाच प्रश्न आहे, सर.” कोरस म्हणजे काय, या प्रश्नाला एकाने सांगितले, “मागं उभं राहून ‘जी जी रं जी’ म्हणणारे.” शाहिराचे झीलकरी त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यांच्या आधाराने तो ग्रीक कोरसच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता, चूक होती ती एका ‘मागं’ या शब्दाची. ते नागरिक, आधी बारा आणि पुढे पंधरा, मुखवटे घालून मागे नव्हे तर सर्वांच्या पुढे, प्रेक्षकांच्या पायथ्याशी असलेल्या मोकळ्या अंगणात गात व नाचत. त्या अंगणाचेच नाव ऑर्केस्ट्रा, म्हणजे नाचण्याची जागा. शोकांतिकेला मूळ ग्रीकात ‘बोकडाचे गाणे’ असे नाव का, असे विचारले तेव्हा एक मुलगी बिनदिक्कत म्हणाली, “जत्रेत कापत असतील.” विद्वानांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. कोणी म्हणतात बोकड बक्षीस म्हणून मिळे, कोणी म्हणतात त्याचा बळी दिला जाई, आणि आमच्या या मुलीने आपल्या गावची जत्रा स्मरून त्यांतले एक मत एका वाक्यात मांडले.

वहीतले माझे सर्वांत आवडते उत्तर मात्र निराळेच आहे. ग्रीक शोकांतिकेत खून रंगभूमीवर का दाखवीत नाहीत, असे मी विचारले होते. गणेशोत्सवातल्या नाटकांतून कामे केलेला तो मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, “सर, माणसं मोजकीच असणार. मेलेला तिथंच पडून राहिला तर पुढचं काम कोण करील?” मी हसलो खरा, पण ते हसणे आनंदाचे होते. एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीजने तिसरा, आणि त्या तिघांनीच मुखवटे पालटून नाटकातल्या सगळ्या बोलत्या भूमिका करायच्या, असा तिथला शिरस्ता होता. खुनाची हकीकत निरोप्याने येऊन सांगायची आणि प्रेते चाकांच्या फळीवरून राजवाड्याच्या दारातून बाहेर ढकलायची, या वहिवाटीची कारणे पंडित औचित्यात शोधतात, धर्मभावनेत शोधतात. या मुलाने ती मंडळाच्या तालमीत शोधली, आणि मला वाटते, त्याच्या कारणाचा विचार पंडितांनीही करावा.

विरेचनाचे प्रकरण असेच. ‘कॅथार्सिस’ला आपण मराठीत विरेचन म्हणतो, आणि हा शब्द ज्याने आजीच्या एरंडेलापलीकडे कधी ऐकलेला नाही, त्याने “नाटक पाहून पोट साफ होते” असे लिहिले तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. 1857 मध्ये याकोब बेर्नायस या जर्मन पंडिताने ॲरिस्टॉटलची ही संज्ञा वैद्यकातलीच आहे, करुणा आणि भय यांचा साचलेला भार उतरवणे हाच तिचा अभिप्राय आहे, असे मोठ्या तपशिलाने प्रतिपादन केले, आणि तो वाद पुढे दीर्घकाळ चालला. त्या मुलाने बेर्नायसचे नाव ऐकलेले नव्हते. त्याला मी दोन गुण दिले.

ही वही मी कुणाच्या फजितीसाठी ठेवलेली नाही. न वाचलेल्या मुलाजवळ उत्तर देण्यासाठी पुस्तक नसते, म्हणून तो आपल्या घरातले, गावातले, अंगणातले जे हाताशी सापडेल ते पुढे करतो. आणि अशा वेळी, एरवी पाठ केलेल्या टिपणांखाली झाकलेला तो स्वतः मला दिसतो. नुसते टिपण घोकून आलेल्या मुलाच्या अचूक उत्तराने मला असा आनंद क्वचितच दिला आहे.

एका वर्षी परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, दुपार कलल्यावर, लांबच्या गावाहून एस. टी. ने येणारी एक मुलगी समोर येऊन बसली आणि मी विचारण्याआधीच म्हणाली, “सर, ‘अँटिगनी’ वाचलं नाही. घरी अडचण होती.” तिला तसेच परत पाठवणे माझ्याच्याने झाले नाही. मी चार वाक्यांत कथा सांगितली: दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले, मामा क्रिऑन गादीवर बसला, एकाला त्याने मानाने माती दिली आणि दुसऱ्याचे प्रेत कोल्ह्यागिधाडांसाठी उघड्यावर टाकून, त्याला माती देईल त्याला देहान्त शिक्षा, असा हुकूम काढला, बहिणीने तो मोडला. मरण ठाऊक असताना तिने असे का केले, एवढेच मी विचारले. देवांचे अलिखित नियम, राज्याचा कायदा, व्यक्ती आणि सत्ता, अशी ठरलेली उत्तरे मला पाठ होती. मुलगी म्हणाली, “आईबाप गेलेत ना तिचे? मग आता भाऊ कुठून आणायचा तिनं?”

माझे हसू ओठांवरच थांबले. गुहेत जिवंत कोंडली जाण्यासाठी निघालेली अँटिगनी शेवटी हेच बोलते: पती गेला तर दुसरा मिळेल, मूल गेले तर दुसरे होईल, पण मायबाप मातीआड झाल्यावर भाऊ पुन्हा जन्मणार नाही. गटेला हे भाषण इतके खटकले, की ते प्रक्षिप्त असल्याचे कुणी पंडिताने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने 1827 मध्ये एकरमनजवळ बोलून दाखवली. अनेक संपादकांनी त्याभोवती कंस घातले. ॲरिस्टॉटलने मात्र ते खरे मानून दाखल्यादाखल दिले आहे, आणि हिरोडोटसने सांगितलेली एक इराणी स्त्री, दारयवहुश राजाने तिच्या माणसांपैकी एकाचा प्राण देऊ केला तेव्हा, नवरा आणि मुलगे सोडून भाऊ मागते. जात्यावर बसून भावासाठी ओव्या गाणाऱ्या बायकांच्या घरातून आलेल्या या मुलीला ते कंस ठाऊकच नव्हते.

मी तिच्या क्रमांकापुढे गुण मांडू लागलो, तेव्हा ती उठता उठता थांबली.

“मग माती मिळाली का त्याला, सर?”

“मिळाली. क्रिऑनला पश्चात्ताप झाला. तो आधी प्रेताकडे गेला, त्याला न्हाऊ घातले, अग्नी दिला, मायभूमीच्या मातीचा ढीग रचला, आणि मग गुहेकडे गेला. तोवर तिने गळफास लावून घेतला होता.”

ती बराच वेळ खिडकीबाहेरच्या पांगाऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आधी तिला सोडवायला पाहिजे होतं.”

कोरसमधल्या वृद्धांनी क्रिऑनला हाच सल्ला, याच क्रमाने, दिलेला आहे: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग मेलेल्यासाठी थडगे बांध. निळी वही खणातच राहू दिली, माझे पुस्तक उघडून तो संवाद जिथे आहे त्या पानात कागदाची खूण घातली आणि ते तिच्या हाती दिले. बाहेर शिपायाने पुढच्या क्रमांकाचा पुकारा केला.