महेश्वरचा मुक्काम

इंदूरहून महेश्वर जेमतेम 90 किलोमीटर. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, साड्या घेतो आणि रात्री घरी. या खेपेला मात्र मी एकटी गेले आणि दोन दिवस राहिले. सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही. रात्री उठून दार उघडतात, त्यामुळे वर्षभर माझा कान कडीकडेच. नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तू जाच."

मानपूर मागे टाकून, घाट उतरून निमाडात शिरेपर्यंत मी त्यांना तीनदा फोन केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेले. तिथे रोज लिंगार्चन होतं. ब्राह्मण मंडळी बसून काळ्या मातीची इवलीइवली शिवलिंगं करतात, पाटावर ओळीने मांडतात. हजारोंनी. घाई नाही, गप्पा नाहीत. मग पूजा होते आणि सगळी लिंगं नर्मदेत सोडून देतात. उद्या पुन्हा नवी माती. अहिल्याबाईंच्या काळापासून हे चालू आहे.

तिथून वाड्यात त्यांची गादी पाहिली. एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवरची बैठक वाटावी, इतकी साधी. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर 1795 पर्यंत या बाईंनी राज्य सांभाळलं. काळजी तर त्यांनाही असणारच.

"काळजी सोडा" असं सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. मला त्यांचा रागच येतो. घरातलं माणूस काय सोडून देता येतं? पण त्या पाटासमोर बसल्यावर एवढं पटलं, की आजचं आज मन लावून करावं आणि संध्याकाळी पाण्यात सोडावं. रात्री उशाशी घेऊन झोपू नये. नणंदबाईंना कळवून टाकलं, आता फक्त रात्री आठला फोन करीन.

जाणार असाल तर एप्रिल-मे टाळा, निमाडातलं ऊन फार वाईट. आणि मुक्काम कराच. दिवसभराची गर्दी पांगली की घाट रिकामा होतो, पायऱ्या मात्र अजून कोमट असतात. मी नावेने नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत गेले. परतताना नावाड्याने वल्हं थांबवून विचारलं, "दीदी, जल्दी तो नहीं है?"

मी नाही म्हटलं. त्याने नाव तशीच वाहू दिली.