आजीची बाग

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळताना एका बातमीवर नजर खिळली. नागपूरच्या पारडी भागात दिव्यांगांसाठी 'अनुभूती' नावाचे उद्यान होणार असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले होते. २०१६ च्या कायद्याने मानलेल्या सर्व २१ प्रकारच्या दिव्यांगांचा त्यात विचार होता. स्पर्शाची आणि गंधाची बागही होती. मी ती बातमी वहीत उतरून घेतली, कारण माझ्या आजीला दिसत नाही.

आमचे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आजीची नजर अधू झाली तेव्हा "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," असे म्हणत आम्ही दोन वर्षे घालवली. निघाला काचबिंदू! त्यात गेलेली नजर परत येत नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. "हल्ली चौकटीला खांदा लागतो गं," असे आजी एकदा म्हणाली होती. काचबिंदूत बहुधा कडेचे दिसणे आधी जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी हसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी परसात बाग आखली. मोगरा, रातराणी, दवणा, मरवा, गवती चहा, सारे एकाच ठिकाणी दाटीने लावले. विषारी म्हणून कण्हेर टाळली. वाटेवर बारीक खडी पसरली. पायाखाली ती वाजली, की आपण वाटेवर आहोत हे आजीला कळावे!

दुसऱ्याच दिवशी तात्यांची चाकाची खुर्ची त्या खडीत रुतली. तात्या माझे चुलते. बाळहिरडा तोडताना झाडावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. ते हसून म्हणाले, "आजीची वाट झाली, पण माझी अडली की गं!"

मग वडिलांनी आणि मी खडी उचलली. मधली चार फूट वाट मुरूम चोपून घट्ट केली आणि खडीचा वीतभर पट्टा फक्त कडेला ठेवला. पायरीच्या जागी उतार केला, एक फूट उंचीला बारा फूट लांब. निळे पिंप उभे कापून त्याचे दोन भाग लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले, म्हणजे तात्यांचे गुडघे खाली जातात आणि हात मातीपर्यंत पोचतात. कापलेल्या कडांना जुना पाइप चिरून बसवला.

एवढे करूनही आजी ओट्यावरून हलेना. शेवटी मी विचारले, "आजी, बाग आवडली नाही का?"

"फुलं देवाला वाहायची. मी काय देव झाले व्हय? आन् इतके वास एकदम आले, की चूल कुठं आन् गोठा कुठं, मला काय उमगंना."

मी खाली बसले. आजी घरात वासावर चालत होती आणि मी तिच्या खुणाच पुसल्या होत्या!

"मग काय लावू?"

"घेवडा लाव. कोथमीर लाव. हाताला काम दे."

मग बाग तिला विचारून पुन्हा लावली. प्रत्येक वळणाला एकच वास ठेवला. दाराशी तुळस, उताराच्या तोंडाशी पानओवा, पाण्याच्या हौदाकडे वळताना गवती चहा. रातराणी बांधावर गेली. घेवड्याचा वेल हाताच्या उंचीवर ताणला. आता आजी शेंगा खुडते. कोवळी कोणती आणि जून कोणती, हे तिची बोटे सांगतात. पिंपातली मेथी तात्यांकडे आहे. दोघांची भांडणेही होतात, ती पाण्यावरून!

बाग पुरी झालेली नाही. आषाढात मुरुमाचा चिखल झाला आणि तात्यांची खुर्ची पुन्हा अडली. आता तिथे सपाट फरशी बसवायची आहे. या वेळी आधी तात्यांनाच विचारले.

आजीला काय हवे, हे मी वहीत शोधत होते आणि आजी ओट्यावर बसलेली होती. चौकटीला खांदा का लागतो, हेही तिला त्याच दिवशी विचारले असते तर? त्या चौकटीतून बागेत जाताना आजी आजही आधी हात पुढे करते. तेव्हा मला हसू येत नाही.