सुरतेची साय

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्या मराठी मनाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम आठवतात. परंतु तापीकाठचा जुना किल्ला पाहून चौकबाजारातून भागळकडे वळले, की या नगरीची दुसरी श्रीमंती ध्यानात येते. ती सोन्यामोत्यांची नव्हे, दुधातुपाची आहे.

आम्ही आश्विनात तेथे गेलो, तेव्हा मिठाईच्या दुकानांपुढे घारीसाठी दाटी झाली होती. खवा, साखर, पिस्ते-बदाम यांचे सारण; वर मैद्याचे पातळ आवरण; ते तुपात तळायचे आणि मग थिजत्या तुपाचा पांढराशुभ्र लेप द्यायचा, ही घारीची रीत. सत्तावन्नच्या संग्रामात तात्या टोपे यांच्या सैनिकांना बळ यावे म्हणून ती प्रथम केली, अशी दंतकथा सुरतकर सांगतात. तिला पुरावा नसला, तरी ऐकताना मराठी माणसास बरे वाटते. आश्विन वद्य प्रतिपदेस, म्हणजे ‘चंदनी पडव्या’स, सारे शहर घारी आणि भुसू घेऊन चांदण्यात बसते. आदल्याच रात्री उधना-लिंबायतकडच्या खानदेशी बिऱ्हाडांत कोजागरीचे दूध आटत असते. सलग दोन रात्री एकच चंद्र दोन भाषांतल्या दुधाचा नैवेद्य घेतो.

आणि तरीही याच शहरात, आपल्या घरांप्रमाणेच, सकाळी दुधाची पिशवी घेताना मन कचरते. सायीचे घ्यावे की कमी स्निग्धांशाचे? येथे थोडा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे. ‘टोन्ड’ दूध आरोग्यासाठी जन्मलेले नाही. मुंबईच्या आरे योजनेचे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी व दुधाची भुकटी मिसळून ते वाढविले, ते गरिबांस स्वस्त दूध मिळावे म्हणून. हेतू थोर होता. पण टंचाईवरचा तो उपाय पुढे पथ्य होऊन बसला.

हिशेब पाहावा. फुल क्रीम दुधात स्निग्धांश किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यामागे पहिल्या दोहोंत फरक सुमारे सहा ग्रॅमचा, म्हणजे चोपन्न उष्मांकांचा. दोन बिस्किटे खाल्ली की तो भरून निघतो! उलट साय काढली की तिच्यासवे ‘अ’ जीवनसत्त्वही जाते आणि ते बाहेरून घालावे लागते. दोन वर्षांखालील मुलांना तर कमी स्निग्धांशाचे दूध देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, २१ देशांतील १,३६,३८४ जणांच्या पाहणीत, रोज दोनहून अधिक वेळा दूध-दही घेणाऱ्यांत मृत्यू व हृदयविकार कमी आढळले; सायीचे दूध घेणारेही त्यास अपवाद नव्हते. अशी पाहणी केवळ संबंध दाखविते, कारण सिद्ध करीत नाही, हे मात्र विसरू नये. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवा म्हणते, आणि ज्यांना वैद्यांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी ते पाळावेच. पण घरातल्या धडधाकट माणसांनी व वाढत्या मुलांनी त्यांच्या वाट्याचे पथ्य का करावे?

आणखी एक गोष्ट. १९५१ साली स्थापन झालेली ‘सुमुल’ सुरत व तापी जिल्ह्यांतील गावोगावच्या मंडळ्यांतून दूध घेते. तेथे पशुपालक स्त्रीला दुधाची किंमत मिळते ती मुख्यतः त्यातील स्निग्धांश मोजून. जी साय आपण शहरात भयाने टाळतो, तिच्यावरच तिच्या मुलांची वह्यापुस्तके येतात.

तेव्हा गृहिणींना आमची विनंती एवढीच, की दूध निरसे आणावे, वाटी लहान घ्यावी. दह्यावर साय असू द्यावी; साखर मात्र हात राखून घालावी. घारीचे म्हणाल, तर ती वर्षातून एकदाच येते. एकीचे चार भाग करावेत, आणि एक भाग शेजारच्या सुरतकराच्या हाती ठेवावा.