राजा ठेवून घेतला होता

भारताच्या घटनेत एके काळी निजाम होता. अनुच्छेद ३६६ मधल्या एकविसाव्या व्याख्येत लिहिलं होतं की हैदराबाद राज्यापुरता राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपतींनी त्या त्या वेळी निजाम म्हणून मान्य केलेली व्यक्ती. कुणाचं नाव नाही, नुसती गादी. आजचा गेला की उद्याचा. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा दिल्लीत निवडून आलेले राष्ट्रपती होते आणि बीदर-गुलबर्ग्याच्या डोक्यावर मीर उस्मान अली खान. लोकशाहीत वंशाचा राजा ठेवावा का, हा वाद घालायला आम्हा सीमेवरच्यांना लंडनकडे बघायची गरज नाही. सहा वर्षं नऊ महिने आम्ही त्याच अवस्थेत काढली आहेत.

०

सप्टेंबर १९४८ मध्ये भारताची पोलीस ॲक्शन झाली आणि पाच दिवसांत संस्थानाची फौज संपली. निजाम मात्र राहिला. जनरल चौधरींचं लष्करी सरकारही त्याच्याच फर्मानाच्या आधाराने चाललं. २३ नोव्हेंबर १९४९ ला त्याने आणखी एक फर्मान काढलं, भारताची घटना मान्य करणारं. प्रजा सार्वभौम आहे, हे आमच्याकडे राजाच्या सहीने कळलं!

पुढे १९५२ पासून निवडून आलेलं मंत्रिमंडळ, बुर्गुला रामकृष्णराव मुख्यमंत्री. राजप्रमुखाचं काम शपथ देणं, भाषण वाचणं, सह्या करणं. तनखा सालाना पन्नास लाख. बाजारात काही वर्षं हाली रुपया चालतच होता, सहा कलदारला सात हाली. जुन्या माणसांना ती बेरीज-वजाबाकी तोंडपाठ असे. राजप्रमुखाने काय केलं हे विचारलं तर मात्र आठवावं लागे. त्याने काही बिघडवलं नाही हे खरं, घडवलंही नाही.

०

एक गोष्ट आपल्या भाषणांतून हमखास गाळली जाते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली तेव्हा तिचं ध्येय राजा घालवणं हे नव्हतं. आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, एवढंच मागणं होतं. म्हणजे इंग्लंडसारखा बिनअधिकाराचा राजा. तेवढंही न देता संघटनेवर बंदी घातली. त्या साली हो म्हटलं असतं, तर आज कदाचित दिवाणखान्यातला राजा मिळाला असता. मला त्याची हळहळ नाही, पण हट्ट कुणाचा होता हे लिहून ठेवावं.

०

बीदरच्या किल्ल्यात हिंडताना जाणवतं की नामधारी राजाचा प्रयोग या गावाने फार आधी केला आहे. बहामनी सुलतान महमूदशाह १४८२ ला गादीवर आला तो पोरवयात. त्याच्या आदल्याच वर्षी महमूद गावानसारख्या वजिराचा शिरच्छेद झाला होता, कारभाराला कणा उरला नव्हता. सत्ता हळूहळू कासीम बरीदकडे गेली, मग त्याच्या मुलाकडे, अमीर बरीदकडे. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाडचे सुभेदार आपापल्या जागी राजे झाले. तरी बीदरला सुलतान होताच. १५१८ मध्ये महमूदशाह वारला, आणि पुढच्या नऊ-दहा वर्षांत अमीर बरीदने एकामागून एक चार सुलतान बसवले. सुटायची धडपड केली त्याचा जीव गेला. शेवटचा कलीमुल्ला. त्याने बाबराला चोरून पत्र धाडलं, ते फुटलं, आणि तो आधी विजापूरला, मग अहमदनगरला पळाला. तरीही अमीर बरीदने स्वतःला शाह म्हणवून घेतलं नाही. ते धाडस त्याच्या मुलाने, अली बरीदने केलं.

अमीर बरीदला राजा का लागत होता? स्वतःच्या नावाने हुकूम काढला की जाब स्वतःला द्यावा लागतो. राजाच्या नावाने काढला की भागतं. नामधारी राजा सोयीचा असतो तो मागे उभ्या असलेल्या माणसाला. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांची कथा मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. इंग्रजांनीही निजामाला 'विश्वासू दोस्त' असा किताब देऊन गादीवर ठेवलं, आणि दोस्ताच्या दाराशी रेसिडेंट बसवला.

दिल्लीनेही तेच केलं असं माझं मत. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे पडून होती. २२ सप्टेंबर १९४८ ला निजामाने तार करून ती मागे घेतली. एवढं काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी कसं पाठवणार? शिवाय संस्थानातले मुसलमान भेदरलेले, त्यांच्यासमोर काही तरी ओळखीचं राहावं, हाही हिशेब असणार. हिशेब अगदीच वाईट नव्हता.

०

पण त्या राजाने कुणाला वाचवलं, हे बघायला हवं. मे १९४८ मध्ये गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली. दोनशेच्या आसपास, असं सांगतात. तेव्हा राज्य निजामाचं. सप्टेंबरनंतर उलटा सूड सुरू झाला. त्याची चौकशी करायला दिल्लीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. संस्थानभर किमान सत्तावीस ते चाळीस हजार जीव गेले, आणि सर्वांत जास्त झळ बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या चार जिल्ह्यांना, असं त्यांनी लिहिलं. अहवाल कितीतरी दशकं दडपून राहिला. तेव्हाही गादीवर निजामच. आधी त्याच्या नावाने मारलं, नंतर त्याच्याच धर्माच्या रयतेला मारलं. निजामाच्या किंग कोठी महालाच्या आत दोन्ही वेळा फरक पडला नाही.

मग १९५२ ची निवडणूक आली. त्याच बीदरने लोकसभेवर शौकतुल्ला शाह अन्सारींना पाठवलं. चार वर्षांपूर्वीचा रक्ताचा डाग ताजा असताना! गुलबर्ग्याने स्वामी रामानंद तीर्थांना निवडलं, ज्यांना निजामाने तुरुंगात टाकलं होतं. माणसं सावरली ती अशी. यात राजप्रमुखाचा वाटा मला कुठे सापडत नाही.

०

जाता जाता: मुलाला जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळतो, हे ज्या ग्रंथाच्या आधाराने देशाच्या बहुतेक भागातली न्यायालयं सांगत आली, तो 'मिताक्षरा' विज्ञानेश्वराने लिहिला आमच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विक्रमादित्य चालुक्याच्या काळी. भाऊ-भाऊ बांधावरून भांडतात ते त्याच्याच जिवावर. पण तिथे सगळ्या मुलांना सारखा वाटा. गादी मात्र एकालाच. वारसाहक्काचा न्याय लावायचा तर राज्याची वाटणी करावी लागेल.

०

नॉर्वे, स्वीडन, जपान यांची उदाहरणं लोक देतात. राजा आहे आणि लोकशाही ठणठणीत. स्पेनमध्ये १९८१ च्या बंडाच्या रात्री राजाने टीव्हीवर येऊन लष्कराला बराकीत परत धाडलं, हेही खरं. पण राजा आहे म्हणून तिथलं नीट चाललंय, की नीट चाललंय म्हणून राजा निभावतोय? नेपाळच्या राजाने २००५ मध्ये सगळी सत्ता हातात घेतली आणि २००८ मध्ये गादीच गेली. राजा शहाणा निघाला तर बरं, ही काही राज्यघटना नव्हे.

०

१ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्य मोडलं, राजप्रमुखपद घटनेतून गेलं. जुन्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात; जहीराबाद, नारायणखेड आंध्रात; बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरात. सोयरीकी तीन राज्यांत विखुरल्या. आणि म्हैसूरचे राज्यपाल कोण? जयचामराज वडियार, आदल्या दिवसापर्यंत म्हैसूरचे राजप्रमुख आणि महाराज. निजाम सुटला आणि वडियार आले, अशी थट्टा करता येईल. पण वडियार आता नेमलेले होते. १९६४ मध्ये त्यांची बदली मद्रासला झाली. महाराजांची बदली! माझ्या मते राजेशाही खऱ्या अर्थाने तिथे संपली.

०

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी म्हणतात, "निजामाच्या काळी कारभार लई सक्त होता बगा, लाच खायची हिंमत नव्हती." त्यांचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. मी फक्त विचारलं, "गुरुजी, जहागिरीतल्या वेठीला कोण जायचं?" त्यांनी चहा मागवला.

०

अष्टूरला अहमदशाह वली बहामनीची कबर आहे. त्याचा उरूस हिंदू पंचांगावरून भरतो आणि आळंद तालुक्यातल्या माड्याळचा जंगम मानकरी म्हणून येतो. मान वंशपरंपरेचा. हिंदूंसाठी हा सुलतान अल्लमप्रभू, मुसलमानांसाठी वली. वंशपरंपरा मुळातच वाईट, असं म्हणायला मी तयार नाही ते यामुळे. तो मानकरी कुणावर कर बसवत नाही.

०

"राजे गेले, घराणी आली," हा टोमणा खोटा नाही. भालकीच्या खंड्रे घराण्याची तिसरी पिढी २०२४ मध्ये बीदरहून लोकसभेत गेली. कलबुर्गीला त्याच वेळी मल्लिकार्जुन खर्गेंचे जावई निवडून आले. म्हैसूरला यदुवीर वडियार, कोल्हापूरला शाहू छत्रपती. पण २०१९ मध्ये खुद्द खर्गेंना गुलबर्ग्याने पाडलं होतं. आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत साताऱ्याने, छत्रपतींच्या गादीच्या वारसाला बाजूला ठेवून, श्रीनिवास पाटील या निवृत्त सनदी अधिकाऱ्याला निवडलं. उदयनराजे २०२४ ला परत आले, तेही मतं मागूनच.