मोटारीचें दार

आमच्या घरीं एखादी वस्तु बिघडली, कीं दुरुस्तीपूर्वीं तिच्याविषयीं प्रत्येकानें आपलें मत मांडावें, असा जुना प्रघात आहे. घरांत माणसें अकरा. तेव्हां मतांना तोटा कधींच पडत नाहीं. परंतु मोटारींतलें गाणें नीट ऐकूं येत नाहीं, अशी तक्रार आईनें केली, तेव्हां मात्र कोणीच वाद घातला नाहीं. आई ८१ वर्षांची. दोष तिच्या कानांचा, हें आम्हीं एकमतानें ठरवून टाकलें. आमच्या घरांतील एकमताचा तो बहुधा पहिलाच प्रसंग. निदान त्यामुळें तरी मला संशय यावयास हवा होता.

१९५५ सालीं रामनवमीला पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालें, तेव्हां आई शाळकरी मुलगी होती. शेजाऱ्यांच्या रेडिओपुढें बसून तिनें तीं ५६ गीतें ऐकलीं, आणि माडगूळकरांचे शब्द तिला आजही मुखोद्गत आहेत. मोटारींत बसली, कीं सुधीर फडक्यांच्या आवाजाबरोबर ती हलकेच गुणगुणे. अलीकडे तें गुणगुणणें थांबलें होतें. “शब्दच लागत नाहींत रे, नुसती घरघर,” ती म्हणाली. मीं आवाज वाढविला, घरघरही वाढली. मग एका दुकानदाराच्या सल्ल्यानें दारांत मोठे स्पीकर बसविले. तेव्हां तर तबल्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी दारच थरथरूं लागलें. आईनें पुन्हां तक्रार केली नाहीं. ती खिडकीबाहेर पाहत बसूं लागली.

ज्याला ऐकूं येत नाहीं असें आपण ठरवितों, त्याच्याशीं प्रथम आपण मोठ्यानें बोलतों, मग थोडें बोलतों, आणि शेवटीं त्याच्या देखत त्याच्याविषयीं बोलतों. या तिसऱ्या पायरीवर आम्ही केव्हां येऊन पोहोंचलों, हें आमचें आम्हांलाही कळलें नाहीं.

माझा पुतण्या एंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, “काका, आजीचे कान तपासायचेच, पण आधीं दार तपासूं या.” त्यानें दारावर बोटाच्या पेरानें टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा ठणठणाट झाला. मग आंतलें आवरण काढून त्यानें मला दाराचें अंतरंग दाखविलें. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. आंतल्या पत्र्याला हात जाईल एवढालीं भोकें, आणि त्यांवर केवळ प्लॅस्टिकचा पातळ पडदा. स्पीकरचा पडदा पुढें सरला, कीं पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची लहर भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लहरीला भेटली, कीं खर्जाचे स्वर परस्परांना मारून टाकतात. वर पत्रा स्वतःच गाऊं लागतो, तो निराळाच! हा बोजड घुमारा नेमक्या बारीक ध्वनींना झांकतो. स, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या बारीक ध्वनींतच असते, आणि उतारवयांत कानाला तेच ध्वनि आधीं दुरावतात.

आईनें हें सारें ऐकून विचारलें, “म्हणजे देवघरांतली घंटा घुमत राहिली, तर आपण तिला बोट लावतों, तसेंच ना?”

अगदीं तसेंच. येथें बोटाचें काम ब्यूटाइल रबराचा दोन मिलिमीटर जाडीचा थर करतो. त्याची एक बाजू चिकट असते आणि दुसरीवर ॲल्युमिनियमचा पत्रा. दाराचा कंप या दोहोंमधल्या रबरांत जिरून त्याची किंचित् उष्णता होते. गच्चीच्या गळतीला लावतात त्या डांबरी पट्ट्या स्वस्त पडतील, असें मीं सुचविलें. परंतु वैशाखाच्या उन्हांत त्या मऊ होतील आणि मोटारभर वास सुटेल, म्हणून पुतण्यानें ती सूचना फेटाळली.

दोन पुढच्या दारांना आमचा एक संपूर्ण रविवार लागला. पत्रा स्पिरिटनें पुसून कोरडा केला, पट्ट्या लावल्या आणि लहान रोलरनें दाबून आंतली हवा काढली. बाहेरच्या पत्र्याचा तिसरा हिस्सा झांकला तरी त्याचा ठणठणाट बराच मावळतो. आंतलीं मोठीं भोकें मात्र पूर्णपणें बुजवावीं लागतात. उत्साहाच्या भरांत मी दाराच्या तळाचीं बारीक छिद्रेंही बुजवूं लागलों, तेव्हां पुतण्यानें माझा हात धरला. पावसाचें पाणी कांचेच्या फटींतून दारांत उतरतच असतें, आणि तें त्या छिद्रांतून वाहून जातें. तीं बंद केलीं, तर पत्रा आंतून गंजतो. कांच खालींवर करून, ती कोठें अडत नाहीं हें पाहूनच आम्हीं आवरण परत बसविलें. मीं टिचकी मारली. लाकडी फळीसारखा ‘ठप्’ एवढाच आवाज आला.

पुढच्या रविवारीं आम्ही साताऱ्याकडे निघालों. रस्त्यावरचे भोंगे कांहीं थांबले नव्हते. ते कांचेंतून येतच होते. परंतु आवाज पूर्वीच्या निम्म्यावर ठेवूनही शब्द न् शब्द सुटा येत होता. आईचे ओठ हलूं लागले. मागच्या बाकावर माझी पत्नी आणि भावजय बोलत होत्या. पूर्वीच्या गदारोळांत बोलण्याची संवय, त्यामुळें स्वर अंमळ चढाच होता. “नगरच्या लग्नाला सासूबाईंना कशाला न्यायचें? तिथें त्यांना काय ऐकूं येणार? उगीच दगदग.”

आई मागें वळलीही नाहीं. “दगदग माझी मी पाहीन. लग्नाला मी येणार आहें,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून, “गाणें आणखी थोडें हळू कर. या दोघी पुढें काय म्हणतात, तें ऐकूं दे.”

त्याच आठवड्यांत आम्हीं तिचे कानही तपासून घेतले. दोष त्यांत होताच. आतां ती श्रवणयंत्र वापरते. म्हणजे आमचें मत सर्वस्वी चुकीचें नव्हतें. परंतु तें अर्धेंच खरें होतें, आणि त्या अर्ध्या सत्यावर विसंबून आम्हीं दोन वर्षें तिच्याशीं बोलणें कमी केलें होतें. नगरच्या लग्नाला ती आली. परतीच्या वाटेवर तिनें तेथील साऱ्या गोष्टी आम्हांला सांगितल्या. त्यांतल्या निम्म्या आम्हीं ऐकल्याच नव्हत्या.