चुकार नकलनवीस

आरएनएचं काम म्हणजे आधी हातमोजे, मग बाकी सगळं. बोटांवरचं आरनेझ हे आरएनए तोडणारं एन्झाइम नमुन्याची बघता बघता वाट लावतं. म्हणून ट्यूब बर्फात, टिप फिल्टरच्या, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज फ्रीझरमधून सगळ्यात शेवटी काढायचं. मग ४२ अंशांवर तासभर ठेवलं की आरएनएवरून डीएनए उतरतो. एक ट्यूब मात्र एन्झाइम न घालता चालवायचीच. तिच्यात सिग्नल आला, तर नमुन्यात आधीच डीएनए मिसळलेला आहे असं समजायचं.

मी वापरते ते एन्झाइम मुळात उंदराच्या विषाणूचं. अशी एन्झाइमं असतात हे १९७० साली हॉवर्ड टेमिन-सातोशी मिझुतानी आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. एचआयव्हीकडेही तसंच एक आहे, पण पेशीतली त्याची कारागिरी माझ्या ट्यूबपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची.

या नकलनविसाला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही, प्रायमर लागतो. मी तो विकत आणते. विषाणू मानवी पेशीतलाच लायसीनचा टी-आरएनए पळवतो. त्याची १८ अक्षरं विषाणूच्या आरएनएवर नेमकी जुळतात. पण ही जागा धाग्याच्या एका टोकाजवळ असल्याने लिखाण लगेच संपतं. मग एन्झाइमचाच दुसरा भाग नक्कल झालेला आरएनए कुरतडतो. मोकळा झालेला डीएनए दुसऱ्या टोकाच्या तशाच मजकुरावर जाऊन बसतो आणि काम पुढे सुरू होतं. पुढे अशीच आणखी एक उडी. शेवटी दुपदरी डीएनए तयार होतो, तो मूळ आरएनएपेक्षा थोडा लांबच. विषाणूचं इंटिग्रेज हे एन्झाइम तो आपल्या गुणसूत्रात सांधून टाकतं.

लिहिलेलं तपासायची सोय या एन्झाइमकडे नाही, त्यामुळे चुका होतातच. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात, एखादी मात्र पथ्यावर पडते. लॅमिव्हुडिन हे एचआयव्हीवरचं औषध म्हणजे एक बनावट अक्षर आहे. ते जोडलं गेलं की पुढचं अक्षर लागत नाही. पण रुग्णाच्या विषाणूचा क्रम वाचताना एन्झाइममध्ये १८४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलीन दिसलं, की ते खोटं अक्षर एन्झाइमला ओळखू यायला लागलंय हे कळतं.

औषध अधूनमधून घेतलं की अशा विषाणूचं फावतं. म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, चालू असलेल्यांना सांगणं एकच: बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवू नका. गोळ्यांनी नवी नक्कल थांबते, गुणसूत्रात बसलेली जुनी निघत नाही.