भिंतीवरचा कागद

आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसले आहे. खाली सावंतवाडीस घाम पुसत बसलेला मनुष्य घाट चढून वर आला की त्यास अंगावर घोंगडी घ्यावीशी वाटते. येथे वर्षाकाठी सरासरी ७००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. पाहुण्यांस हा आकडा मौजेचा वाटतो; घरांच्या भिंतींस तो सोसावा लागतो.

आमच्या मावशी तेथे एका जुन्या जांभ्याच्या घरात राहतात. उभे आयुष्य त्यांनी परिचारिकेचे काम केले. त्यांच्या निजण्याच्या खोलीत त्यांच्या यजमानांनी, ज्यांस आम्ही काका म्हणत असू, विलायती पद्धतीचा हिरव्या वेलबुट्टीचा कागद स्वहस्ते भिंतींस चिकटविला होता. काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली. गेले दोन पावसाळे त्या कागदामागे काळी बुरशी वाढत होती आणि मावशींचा खोकला काही केल्या हटत नव्हता. डॉक्टरांनी खोली बदलण्यास सांगितले. "खोली बदलणार नाही. कागद हवा तर काढा," असे मावशी म्हणाल्या, पण हे म्हणावयास त्यांना तीन दिवस लागले.

कागद आणि दमट हवा यांचे वैर जुने आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतीच्या हिरव्या कागदांत पुष्कळदा सोमल असे. अशा खोल्यांत राहणारी माणसे आजारी का पडतात, याचा शोध १८९० नंतरच्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोझिओ यांनी घेतला. ओलाव्यात वाढणारी बुरशी त्या सोमलापासून लसणासारख्या वासाचा वायू निर्माण करिते, असे त्यांस आढळले. काकांचा कागद फार अलीकडचा, त्यात सोमल असण्याचे कारण नव्हते. परंतु बुरशीस सोमल लागत नाही, खळ पुरते. पिठाची खळ म्हणजे तिचे अन्नच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कामास लागलो. कागद कोमट पाण्याने भिजवावा, पाणी मुरू द्यावे आणि मग खालच्या कडेपासून सावकाश सोडवीत जावे. कोरडा खरवडला तर बुरशीची धूळ छातीत जाते. म्हणून नाकातोंडास फडके बांधून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. मावशी पडवीत बसून होत्या. आत आल्या नाहीत. एकदाच त्यांनी विचारले, "खालचा गिलावा शाबूत आहे ना? तोही त्यांनीच केलेला आहे." गिलावा चुन्याचा होता व कंबरेच्या वर शाबूत होता. खाली मात्र लोणा लागून त्याची भुकटी गळत होती.

कागद निघाला म्हणजे काम संपले असे वाटते. वस्तुतः ते तेथून सुरू होते. खळीचा पातळ थर भिंतीवर राहतो, तो डोळ्यांस दिसत नाही, आणि त्यावर दिलेला रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. मग तो ओळखावा कसा? मावशींच्या औषधांच्या पेटीत टिंक्चर आयोडीनची बाटली होती. आमचे विद्यार्थी ते बटाट्याच्या कापावर टाकून त्याचा निळा-काळा रंग पाहतात. पिष्टाची ती खूण. तेच पाण्यात पातळ करून भिंतीवर थेंब थेंब लाविले, तो भिंत जागोजाग निळी झाली! दोनदा धुतली तरी निळीच. तिसऱ्या खेपेस थेंब पिवळट राहिला. हा प्रकार पाहावयास म्हणून मावशी उठून आत आल्या, आणि बाटली त्यांनी आपल्याच हाती घेतली. त्यानंतर एकही कोपरा त्यांच्या तपासणीतून सुटला नाही. पन्नास वर्षांच्या शिस्तीपुढे आमची पदवी काय टिकणार?

रंगारी आला तो म्हणाला, "लांबी भरून तेलरंग मारूया, मग ओल दिसाची नाय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, ओल दिसली नसती. पण ओल्या चुन्यातील क्षार तेलरंगातील तेलाचा साबण बनवितो आणि रंगाखाली कोंडलेले पाणी वाट शोधीत राहते. आम्ही काचेचा एक तुकडा चारही कडांस मेण लावून भिंतीवर बसविला. सकाळी दव काचेच्या मागल्या अंगास धरलेले दिसले. अर्थात ओल खोलीतल्या हवेची नव्हे, भिंतीच्या पोटातली होती. बाहेर जाऊन पाहिले तर भिंतीलगतची माती वर्षानुवर्षे साचून आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली, आणि पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडत. ती माती उपसून चर काढविला, खालचा पोकळ गिलावा पाडून चुन्याचाच नवा केला आणि भिंत पावसाळाभर उघडीच ठेवण्याचे ठरविले.

तो संपूर्ण पावसाळा मावशी त्या ठिगळे पडलेल्या करड्या भिंतीशेजारी निजल्या. त्यांनी तक्रार केली नाही, तरी आलेल्या-गेलेल्यास त्या खोलीचे दार लोटून घेत. ऑक्टोबरात पुन्हा काच लाविली. वर दव नव्हते. अगदी तळाशी थोडे होते, तेवढा हातभर पट्टा आणखी काही महिने तसाच राहावयाचा आहे. खोकला पुरता गेलेला नाही, पण रात्रीची झोप लागते.

मग रंगाऱ्यास बोलाविले. मावशींनी उशाखालून कागदाचा एक कपटा काढून त्याच्या हाती दिला व चुन्यात हाच हिरवा कालवून देण्यास सांगितले. चुना वाळला की रंग फिका पडतो. त्यामुळे त्याला चार वेळा पट्टे ओढून पाहावे लागले. चौथा पट्टा आम्हांस किंचित मळकट वाटला. मावशींनी कपटा त्याच्याशेजारी धरला, खिडकी उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "हाच. सकाळच्या उन्हात तो असाच दिसे."